खोक्यांच्या मशीनवरचं डच

४ जून

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. हात गोंदाने माखलेले असल्यामुळे नमस्कार लांबूनच घातला आहे, तो साष्टांग धरून चालावा.

आईने तुला फोनवर सांगितलंच असेल, पण तिने सांगितलेलं अर्धं रडून सांगितलेलं असतं, म्हणून मी सरळ लिहितो. मी डचचा क्लास सोडला. नवव्या दिवशी. कॉलेज सोडायला मला अडीच वर्षं लागली होती, तेव्हा वेग वाढलाय हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

झालं असं की बाईंनी माझा गृहपाठ सगळ्यांसमोर फळ्यावर उतरवला आणि लाल खडूने एकेक चूक गोल केली. सतरा गोल. मागच्या बाकावरचे दोघे मोजत होते, मोठ्याने. माझं डोकं सटकलं. मी पुढे गेलो, फळा पुसला, वही तिथेच टाकली आणि निघून आलो. जिन्यात पोचेपर्यंत मी बरोबर होतो. फाटकापाशी आलो तेव्हा आठवलं की हे सगळं मी कुणासाठी करत होतो.

तुझ्यापासून काय लपवायचं? तुझ्याच वॉर्डातली नर्स. चाकाच्या खुर्चीचं चाक दुरुस्त करायला तू मला बोलावलंस आणि ती स्क्रू धरून उभी राहिली, त्या दिवसापासून माझं काही खरं नाही. ती परदेशी नोकरीला गेली, तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात दिवसभर डच बोलावं लागतं. जाताना विमानतळावर मी भांडलो. जाऊच नकोस म्हणालो, तेही ओरडून, तिच्या वडिलांसमोर. ती ओरडली नाही. ती म्हणाली की तू रागावतोस आणि उठून जातोस, तुझं काहीच शेवटाला जात नाही. फोन करू नकोस. एक तरी गोष्ट शेवटाला ने आणि मग पत्र लिही.

म्हणून डच. तिने शिकलेली गोष्ट मी शिकेन आणि त्याच भाषेत तिला पत्र लिहीन, अशी प्रतिज्ञा होती. ती नऊ दिवस टिकली.

आता तुला एक विचारतो, आणि हे खरंच कुतूहलाने विचारतो. तू ज्यांची वाचा गेली त्यांना शब्द परत शिकवतेस. शब्द डोक्यात शिरतो कसा? मी शंभर शब्द पाठ केले होते. बाईंनी विचारलं की मी आधी मराठीत जायचो, तिथून डचकडे जायचो, आणि पोचेपर्यंत बाई पुढच्या मुलाकडे गेलेल्या असायच्या. हा मधला हेलपाटा कधी संपतो?

खोक्यांच्या कारखान्यातली नोकरी अजून आहे. मालकांशी अद्याप भांडलो नाही.

लोभ आहेच, तो वाढवा असं म्हणायची माझी सध्या लायकी नाही, फक्त कमी करू नये.

तुझा,
भडकू

---

११ जून

चि. भडकूस,

अ. उ. आ. त्यातला एक आशीर्वाद जास्तीचा आहे, तो डोकं थंड राहण्यासाठी वेगळा काढून ठेवावा.

तुझं पत्र मिळालं. फळा पुसलास हे वाचून मला हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. ताईला मी सांगितलं आहे की पोराने क्लास सोडला म्हणजे भाषा सोडली असं नाही. तू मला खोटं पाडू नकोस.

कॉलेज सोडलंस याचा मला कधीच राग नव्हता. विचार करून सोडलं असतंस तर मीच पेढे वाटले असते. तू प्रत्येक गोष्ट रागाच्या मिनिटाला सोडतोस, ती नर्सही तेच म्हणाली, आणि मुलगी शहाणी आहे हे मी तिची रात्रपाळीची नोंदवही वाचून तुझ्या आधीपासून जाणते.

आता तुझा प्रश्न. माझ्याकडे सध्या एक टेलरकाका येतात. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द गेले. मी त्यांना कात्रीचं चित्र दाखवायची. महिनाभर काही नाही, नुसते डोळे भरून यायचे. एक दिवस मी कंटाळून खरी कात्री त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी अंगठा घातला, दोनदा हवेत कापलं, आणि कात्री हा शब्द आपोआप बाहेर पडला. मी टाळी वाजवायची सोडून त्यांच्याकडे बघतच राहिले. शब्द त्यांच्या डोक्यात नव्हता रे, अंगठ्यात होता.

तेव्हा यादी फाडून टाक. ज्याला हात लावतोस त्याचाच शब्द शीक, हात लावूनच, आणि मोठ्याने. आठवड्याला दहा, अकरावा नाही. आणि शब्द विसरला तर स्वतःवर चिडू नकोस, तो जरा विसरायलाच हवा. पुसट व्हायला लागला की हाक मारायची. दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. पुसट झालेला शब्द ओढून काढावा लागतो आणि ओढून काढलेलाच राहतो. हे मी माझ्या पेशंटांकडून शिकले, पुस्तकातून नंतर.

मधला हेलपाटा कधी संपतो हे मला सांगता येणार नाही. पण संपतो. एखाद्या दिवशी एखादं वाक्य घरच्या माणसासारखं घंटी न वाजवता आत येईल. त्या दिवसाची तारीख मला कळव. मला संग्रही ठेवायची आहे.

आणि एक अट. आपण हे सगळं पत्रातूनच बोलायचं. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मधे तोडता येत नाही.

माझा लोभ मोजून कमी-जास्त करायची सोय नाही, तो आहे तसाच चालवून घ्यावा.

तुझी,
मावशी

---

२ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आज नमस्कार जवळून, हात धुतलेले आहेत.

तुला सांगायची गोष्ट इतकी मोठी आहे की कुठून सुरू करू कळत नाही. आमच्याकडे खोकी दुमडून चिकटवायचं एक जुनं मशीन आहे. एका टोकाने सपाट पुठ्ठे जातात, पट्ट्यांवरून सरकतात, मधे गोंदाचं चाक फिरतं, आणि दुसऱ्या टोकाने खोकी बाहेर येतात. मालकांनी ते वापरलेलं आणलं होतं, माझ्या जन्माच्या आसपास. परवा मालकांचं टेबल डुगडुगलं म्हणून मी वाकलो, तर एका पायाखाली एक जाड पुस्तिका. धूळ झटकली. मशीनचीच माहिती पुस्तिका, आणि भाषा कोणती असेल सांग. डच! वीस वर्षं टेबलाखाली डच होतं आणि मी बाहेर शोधत होतो.

मालक म्हणाले, ने, पण टेबलाखाली दुसरं काहीतरी घाल. मी कॉलेजचं एक पुस्तक घातलं. अगदी मापाचं निघालं.

आता मी तुझ्या सांगण्याप्रमाणे करतो. पुस्तिकेत प्रत्येक भागाचं चित्र आहे, आकडा आहे, नाव आहे. मी कागदाच्या चिठ्ठ्या करून मशीनवर चिकटवल्या. पट्ट्याला रीम, गोंदाला लेईम, दाबाला द्रुक. हात लावतो आणि म्हणतो. पॅकिंगवरच्या काकू म्हणतात की पोरगं मशीनशी बोलायला लागलं, लग्न करून टाका. मी त्यांनाही तीन शब्द शिकवले. त्या आता गोंद संपला की लेईम म्हणून ओरडतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं ओरडतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शेवटच्या पानावर पेनाने लिहिलेला एक फोन नंबर होता. कंपनीचा नव्हे, कुणाच्या तरी हातचा. मालकांना विचारून लावला. एका म्हाताऱ्याने उचलला. मी पुस्तिकेतलं पहिलंच वाक्य वाचून दाखवलं, की मशीन सुरू करण्यापूर्वी पट्टे तपासावेत. मग तो हसला. हे मशीन जोडायला आलेला फिटर तोच, मावशी! आता एकटा असतो. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की फोन मशीनजवळ धर. मी धरला. आवाज ऐकून तो म्हणाला, दुसरा रोलर कोरडा आहे. मी जाऊन पाहिलं, खरंच कोरडा!

आता दर बुधवारी, आमची दुपार आणि त्याची सकाळ, अर्धा तास बोलायचं ठरलंय. त्याची अट अशी की इंग्रजी नाही. मला डच येत नाही म्हणालो तर म्हणाला की मशीनलाही येत नव्हतं. माझं वाक्य चुकलं की तो चूक म्हणत नाही. फक्त नॉख एन केअर म्हणतो, म्हणजे पुन्हा एकदा, आणि मग स्वतः ते वाक्य बरोबर करून म्हणतो. मला राग येतच नाही. का येत नाही याचं मला फार नवल वाटतंय.

त्याला ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलावं लागतं. दर बुधवारी सगळा कारखाना थांबून ऐकतो.

आई बरी आहे. तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद तिने दोनदा वाचला.

लोभाची जुनी शिल्लक पाहून पुढे ठेवावा.

तुझा,
भडकू

---

१९ जुलै

चि. भडकूस,

अ. उ. आ. तुझं पत्र मी वॉर्डात मोठ्याने वाचलं. टेलरकाका दुसऱ्या रोलरच्या ठिकाणी खूश झाले.

मीही तुझ्यासोबत दहा शब्द शिकायला घेतले. दारावर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी. दहातले चार राहिले. उरलेले सहा ओठांवर येऊन परत जातात. इतकी वर्षं मी पेशंटना म्हणत आले की घाई नको, येईल. काल पहिल्यांदा कळलं की ते वाक्य ऐकून किती संताप होतो. तेव्हा तुझ्या रागाचे तुला दोन गुन्हे माफ.

एक उपाय सांगते. टेलरकाकांना बोलता येत नाही तेव्हा मी हळू बोलते आणि ते माझ्या मागे अर्ध्या पावलावरून चालल्यासारखे तेच बोलतात, मी थांबायची वाट न बघता. अर्थाकडे लक्ष नाही, नुसती चाल पकडायची. तुझ्या फिटरना विचार, ते पुस्तिकेचं एक पान फोनवर वाचतील का. तू त्यांच्या सावलीतून बोल. आठवड्याभराने तुझी जीभ त्यांच्या वळणावर जाईल.

आणि आता कान धरते. तुझी सगळी भाषा एका माणसाकडून आणि एका मशीनकडून येते आहे. टेलरकाकांचंही तसंच झालं. अस्तर, काज, बखिया, सगळं आलं, पण परवा बायकोला चहा गरम नाही हे सांगता येईना. दर आठवड्याच्या दहातले निदान पाच शब्द घरातले घे. उशी, खिडकी, मीठ. माणूस मशीनपाशी आठ तास असतो, बाकी वेळ घरात असतो.

ताईला म्हणावं गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस. मला इथून दिसतं.

लोभाचं म्हणशील तर रोज तेल घालते आहे, कुरकुरत नाही.

तुझी,
मावशी

---

१९ सप्टेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. नमस्काराला आज थोडी भीतीही जोडली आहे.

तुझे शब्द मी शिकलो नाही. उशी आणि खिडकी मला कशाला, असं मला वाटलं. तिच्याशी मी काय उशीबद्दल बोलणार होतो? सावलीतून बोलणं मात्र केलं. म्हातारा वाचतो आणि मी मागे मागे. आता तो म्हणतो की माझी बोली त्याच्या गावच्या फिटरांसारखी झाली आहे, तीही तीस वर्षांपूर्वीच्या.

मागच्या महिन्यात एका बुधवारी मी त्याला विचारलं की मला हे पूर्ण कधी येईल, शेवट कुठे असतो. तो म्हणाला की तो पंचाहत्तरीला आला आणि अजून रोज शब्दकोश उघडतो. मी फोन ठेवला आणि पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसलो. मावशी, तिने एक गोष्ट शेवटाला न्यायला सांगितली आणि मी नेमकी शेवट नसलेली गोष्ट धरून बसलोय. आधी संताप आला. मग गंमत वाटली. मग भीती वाटली की मी तर कधीच पत्र लिहू शकणार नाही.

म्हणून मी ते लिहिलं. कुणालाही न विचारता, एका बैठकीत, माझ्याकडे होते त्याच शब्दांत. आणि टाकलं. टाकून झाल्यावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या पद्धतीने, बुधवारी म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने मला ते पुन्हा वाचायला लावलं. तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. मराठीत करून तुला पाठवतो. हसायचं असेल तर एकटीने हस.

मजकूर असा आहे. प्रथम वीजपुरवठा बंद करावा आणि शांतपणे वाचावे. हा भाग लवकर गरम होतो. गरम झाल्यावर मोठा आवाज येतो. अशा वेळी झाकण उघडू नये. पाच मिनिटे थांबावे. त्यानंतर हात लावण्यास धोका नाही. विमानतळावर मी जोर लावला. जोर लावू नये असे पान तीनवर लिहिले आहे. मी पान तीन नंतर वाचले. चूक चालवणाऱ्याची होती. मूळ सांगाडा सुस्थितीत आहे. तुम्ही गेल्यापासून एक जागा रिकामी आहे. बदली भाग मिळत नाही. काम पूर्ण झालेले नाही. मशीन चालू आहे.

आणि खाली सही. मावशी, मी तिला तुम्ही म्हटलं! पुस्तिकेत सगळ्यांना तुम्हीच म्हणतात.

आता ती हे आश्रमातल्या सगळ्यांना दाखवेल. किंवा वाटेल की मी चेष्टा केली. जीव टांगणीला लागलाय. दुसरं पत्र लिहून खुलासा करू का? लगेच कळव.

लोभ असू दे, यापुढे त्याच्याच भरवशावर आहे.

तुझा,
भडकू

---

२५ सप्टेंबर

चि. भडकूस,

अ. उ. आ. लगेच कळवते. खुलासा करू नकोस. हात बांधून बस.

मी एकटीने हसले नाही, ते शक्यच नव्हतं. टेलरकाकांना वाचून दाखवलं. बदली भागापर्यंत ते हसत होते. तिथे थांबले. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाले की कापड चांगलं आहे, शिवण सुधारेल. अख्खं वाक्य, बाबा! त्यांचं पहिलंच. त्यांच्या बायकोने तुझ्या पत्राची प्रत मागितली आहे, पण मी दिली नाही.

तिचं उत्तर कसंही येऊ शकतं, किंवा येणारही नाही. तुझी बाजू घेऊनसुद्धा मी तिला एक शब्द कळवणार नाही, हे तुझं तुला निभवायचं आहे. वाट बघताना त्या घरातल्या शब्दांकडे बघ. रिकामा बसलास की तू काहीतरी पुसून टाकतोस.

लोभाबद्दल निर्धास्त राहा, तो टपालाची वाट बघत नाही.

तुझी,
मावशी

---

२७ ऑक्टोबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. नमस्कार आज अगदी पहिल्या प्रतीचा.

शुक्रवारी मी कामावरून आलो तर आईने पाकीट देवासमोर ठेवावं तसं रेडिओवर ठेवलं होतं. स्वतः मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती. मी फोडलं. आत माझंच पत्र होतं, मावशी. माझंच, परत आलेलं. आणि त्यावर लाल शाई. मोजली नाही म्हणणार होतो, पण मोजली. एकतीस ठिकाणी. शब्द खोडलेले, वर बरोबर लिहिलेले, बाण, रेघा. तुम्हीचं तू केलेलं. पत्र म्हणून वेगळं एक अक्षर नाही.

मला तो फळा दिसला. कान गरम झाले. पत्र टेबलावर टाकलं, चपला घातल्या आणि निघालो. भांड्यांचा आवाज बंद झाला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो आणि तिथे उभा राहिलो. गिरणीचा पट्टा घसरत होता, आवाजावरून कळत होतं. मी गिरणीवाल्याला सांगितलं की पट्टा ढिला आहे. तो म्हणाला की माहीत आहे, पण आज जातं ओढतंय तोवर चालवतो. मी तिथे पाच मिनिटं थांबलो. पाच मिनिटं का, ते तुला माहीत आहे. मीच लिहिलं होतं.

आणि तिथे उभ्या उभ्या डोक्यात आलं की एकतीस ठिकाणी लाल करायला किती वेळ लागतो. बाईंनी सतरा गोल दोन मिनिटांत केले होते. इथे प्रत्येक खोडलेल्या शब्दाच्या वर बरोबर शब्द होता, सुवाच्य, तुझ्या वॉर्डाच्या नोंदवहीत लिहायची तसा. हे तर म्हाताऱ्याचं नॉख एन केअर आहे!

घरी परत आलो. आईने पाण्याचा पेला पुढे केला. मी बसलो आणि सगळं पत्र तिच्या दुरुस्त्यांसकट पक्कं उतरवून काढायला घेतलं. बाराव्या ओळीला लक्षात आलं की बदली भाग मिळत नाही या वाक्यावर लाल शाई नाही. मला वाटलं, चला, एक तरी बरोबर आलं. नंतर म्हाताऱ्याला फोनवर ते वाचून दाखवलं तर तो म्हणाला की हे सगळ्यांत जास्त चुकलेलं आहे. मी म्हणालो की तिने ते तसंच ठेवलंय. तो म्हणाला, मग तूही तसंच ठेव, आणि लगेच रोलरला तेल घातलं का ते विचारू लागला.

पान उलटलं तर मागे दहा शब्द होते. एकाखाली एक. पहिला मला येत नव्हता. शब्दकोश उघडला. उशी. दुसरा खिडकी. मग चमचा, सकाळ, शिळं, कंटाळा, हसणं, जिना, स्वेटर, घर. मशीनमध्ये नसलेले सगळे. मावशी, तू खरंच तिला काही कळवलं नव्हतंस ना? कळवणार नाही म्हणाली होतीस म्हणून विश्वास ठेवतो.

त्या दहांच्या खाली एक ओळ होती. झोंदाख बेन इक फ्रेई. मी ती वाचली आणि खुर्चीतून उठलो, आई दारात आली, मी तिला सांगितलं की रविवारी तिला सुट्टी असते, रविवारी फोन करायचा आहे. मग खाली बसलो आणि त्या ओळीकडे परत बघितलं. शब्दकोश मिटलेला होता. मी तो उघडलाच नव्हता. आधी मला कळलं, आणि मराठी मागाहून आली, ती सुद्धा आईला सांगायला लागलं म्हणून.

उद्या रविवार. दहाही शब्द तयार आहेत. उशी डोक्याखाली घेऊनच पाठ केली.

तुला संग्रही ठेवायला एक तारीख हवी होती. ती पत्राच्या वर उजव्या कोपऱ्यात घातली आहे, शुक्रवारची हवी असेल तर त्यातून एक दिवस वजा कर.

लोभ तर असावाच, आणि रविवारनंतर पत्रं जरा उशिरा आली तर समजून घ्यावं.

तुझा,
भडकू